फसवणारा भागीदारच ‘क्षमा करा’ म्हणतोय. बायबलनुसार गप्प बसायचं का?

तुमच्या भागीदाराने हिशोबात हात मारला आणि आता तोच तुम्हाला ‘साताच्या सत्तर वेळा क्षमा कर’ ऐकवतोय. हे वचन अशा माणसाच्या तोंडून आलं की माझं डोकं फिरतं. मत्तय 18 मध्ये किती वेळा क्षमा करू हे येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, म्हणजे ज्याचा अपराध झालाय तो. अपराध करणारा नव्हे.

पंचवटीत आमची कांद्याची आडत होती. दहावीनंतर मी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं वजन नि पैसे दाखवणारी बिलं, लिहायला बसलो. दादा क्विंटलमागे दोन किलो कडता, म्हणजे वजनातली घट, परस्पर कापायचा. पपांना पत्ता नव्हता, मला होता. एकदा दिंडोरीकडचे एक काका बाहेरच्या भुईकाट्याची पावती गल्ल्याजवळ ठेवून, काही न बोलता निघून गेले. पावतीवर 18 क्विंटल 40 किलो, माझ्या पट्टीवर 18 क्विंटल 3. क्विंटलला बाराशेच्या भावाने 37 किलोचे 444 रुपये. पपांनी पट्टी दोनदा वाचली. अक्षर माझं, म्हणून पैसे माझ्याच हातात दिले. “घरी नेऊन दे.”

एसटीने गेलो. काकांनी ओट्यावर बसवलं, शंभराच्या चार नोटा वेगळ्या केल्या, वरचे 44 वेगळे मोजले. मग म्हणाले, “आणि मागच्या गाड्यांचं?” मी खाली मान घालून बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली, जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या हंगामापासून त्यांचा माल दुसऱ्या गाळ्यावर. रस्त्यात दिसलो की मात्र हाक मारून चहा पाजायचे.

दादा आजही म्हणतो, म्हाताऱ्याने मनात धरलं, माफ केलं असतं तर माल आणला असता. साफ चूक! माफ त्यांनी आम्हाला केलं होतं, आमच्या काट्याला नाही. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, हे नीतिसूत्रे 11 च्या पहिल्याच ओळीत आहे आणि दादाला ते तोंडपाठ होतं. रविवारच्या शाळेत बक्षीस मिळालं होतं त्याला. लूक 19 मधला जकातदार जक्कय लुबाडलेलं कुणी न मागता चौपट परत करतो म्हणाला. आम्ही एकपट दिलं, तेही एकाच गाडीचं.

चूक कबूल करायला लागणाऱ्या नम्रतेचं म्हणाल, तर दादाला वाटतं ती चर्चच्या शेवटच्या बाकावर बसल्याने येते. “अक्षर माझं, चूक माझी” एवढे चार शब्द म्हणता आले तरी पुष्कळ. मला त्या ओट्यावर जमले नाहीत.

तुम्ही सरळ हिशोबाची वही मागा. लूक 17:3 मध्ये क्रम स्पष्ट आहे: भावाने अपराध केला तर आधी दटाव, पस्तावला तर क्षमा कर. रक्कम सोडायची की नाही ते तुम्ही ठरवायचं, त्याने नाही. हां, तुमच्या नावावरच्या उचली, म्हणजे तुम्ही स्वतः धंद्यातून घेतलेले पैसे, आधी तपासून घ्या. आणि भागीदार सख्खा भाऊ असेल तर माझं फार मनावर घेऊ नका. पपांच्या माघारी गाळा दादानेच विकला. दर नाताळला मी त्याच्याकडे जेवतो, त्या व्यवहाराचा कागद अजून मागितलेला नाही.