बॉनेटला भोकं पाडली, आता पावसाचं काय?

प्रश्न : दादा, माझ्याकडे जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे. दिवाळीनंतर बॉनेट कापून दोन लूव्हरवाले व्हेंट (तिरप्या पात्यांची हवेची भोकं) बसवले, एक पुढे रेडिएटरच्या मागे आणि एक काचेजवळ, प्रत्येकी साधारण ३० बाय १५ सेंटीमीटर. उन्हाळाभर एकदम मस्त. पण जूनपासून रात्री पाऊस झाला की सकाळी गाडी स्टार्ट होते आणि थडथडते, पिकअप नाही, अर्ध्या तासाने आपोआप ठीक. मेकॅनिक म्हणतो सिलिकॉन मारून दोन्ही बंद करून टाक. कव्हर्ड पार्किंग नाहीये. काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सिलिकॉनची नळी जरा खाली ठेवायला सांग त्याला. अर्धं बरोबर बोलतोय तो, त्याच्याकडे येतोच.

आधी एक हिशोब कर. दोन्ही व्हेंट मिळून ९०० चौरस सेंटीमीटर. चिपळूणला जुलैत एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे काही बातमी नाही. म्हणजे भोकं उघडीच असती तर रात्रीत ९ लिटर पाणी इंजिनवर. लूव्हरच्या पात्या त्यातलं बरंचसं बाहेर टाकतात पण दोन-तीन लिटर जरी आत गेलं तरी ते तिथेच, बरोबर खाली जे असेल त्याच्यावर तासन्‌तास ठिबकत राहतं. खरा त्रास हा उभ्या गाडीचा आहे. चालत्या गाडीत पुढच्या व्हेंटमधून गरम हवा बाहेर जोर करत असते आणि पाऊस बॉनेटवरून मागे उडत असतो, त्यामुळे आत येतं ते किरकोळ आणि तेही गरम इंजिनवर वाळून जातं. सिग्नलला बॉनेटमधून वाफ दिसली तर घाबरू नकोस, तुझ्या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा तापता पाइप) पुढच्या बाजूला आहे, त्यावर थेंब पडले की चर्र होणारच (मागचा रिक्षावाला “भाऊ, आग!” म्हणून ओरडेल ती वेगळी गंमत).

तुझं थडथडणं म्हणजे बहुतेक प्लगच्या विहिरीत (स्पार्क प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात) पाणी साचलंय, नाहीतर डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डबीच्या झाकणात) ओल गेलीय. करंट प्लगपर्यंत न जाता पाण्यातून बाजूलाच पळतो, इंजिन तापलं की पाणी उडून जातं आणि गाडी शहाण्यासारखी वागते. प्लगच्या केबल काढ आणि टॉर्च मारून बघ. पाणी दिसलं तर प्लग लगेच खोलू नकोस हां, आधी पंक्चरवाल्याकडून हवा मारून विहीर कोरडी कर, नाहीतर तेच पाणी सिलिंडरमध्ये जाईल. मग केबलच्या रबरी टोपीत आतून डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओल अडवणारं ग्रीस) लाव. रात्री पूर्ण अंधारात गाडी चालू ठेवून बॉनेट उघडून बघ, केबलवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर केबल संपल्यात, बदल.

आता व्हेंटचं. काचेजवळचा व्हेंट कायमचा बंद कर, इथे मेकॅनिक जिंकला. गाडी चालताना काचेच्या पायथ्याशी हवा अडून दाब वाढतो, म्हणूनच तर केबिनसाठी हवा कंपन्या तिथूनच घेतात. म्हणजे तुझा तो व्हेंट गरम हवा बाहेर काढतच नाहीये, उलट बाहेरची आत घेतोय आणि पावसात सोबत काचेवरून ओघळलेलं पाणीही. खात्री करायचीय? व्हेंटच्या आजूबाजूला लोकरीचे बोटभर दोरे टेपने चिकटव आणि मित्राला दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढायला सांग. दोरे आत ओढले जातायत की बाहेर उडतायत ते सरळ दिसतं, पैसे शून्य. पत्रा लावून बंद करताना कापलेल्या कडांना झिंक प्रायमर मार, कोकणातल्या हवेत उघडा पत्रा एक पावसाळासुद्धा काढत नाही.

पुढचा व्हेंट मात्र ठेव, तो कामाचा आहे. त्याला जाळी लावू नकोस, लोक हमखास लावतात, जाळीने पानं अडतात पाणी नाही. आपण कौलारू घराला पाणी अडवत बसतो का, पन्हळ लावतो आणि हवं तिकडे नेऊन सोडतो, तेच इथे करायचं. व्हेंटच्या खाली ॲल्युमिनियमच्या १ मिलिमीटर पत्र्याचा ट्रे, भोकापेक्षा चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर मोठा, कडा वर वळवलेल्या, आणि बॉनेटपासून मोकळा लटकता, म्हणजे गरम हवा कडेने वळसा घालून वर जाईल आणि पाणी ट्रेमध्ये पडेल. हवा थोडी कमी निघेल, ते चालवून घे. फोर्डने २०२० च्या मस्टँग जीटी५०० ला बॉनेटवर मोठ्ठा व्हेंट दिलाय आणि त्याखाली असाच काढता येणारा ट्रे दिलाय, रेसच्या ट्रॅकवर जाताना काढायचा आणि एरवी लावायचा. तूही चार विंग नट (हाताने फिरवायचे पंखवाले नट) लाव, मे महिन्यात काढून ठेव.

ट्रेचा उतार हीच खरी मेख. बॉनेट बंद असताना पुढे उतरतं पण उघडलं की मागे कलतं, बिजागरी मागे आहे ना. उतार पुढे ठेवलास तर ज्या दिवशी बॉनेट उघडशील त्या दिवशी ट्रेमधलं सगळं पाणी धबधब्यासारखं मागच्या कडेवरून प्लगवर. म्हणून पुढची कड बॉनेटपासून २ सेंटीमीटरवर आणि मागची ४-५ वर, म्हणजे पाणी नेहमी मागेच जमेल, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना अर्धा इंची मऊ रबरी नळी, चाकाच्या वरच्या बाजूने खाली सोडलेली. नळी एक्झॉस्टपासून आणि फ्यूज बॉक्सपासून लांब ने. खाली जागा पुरते का हे बघायला मुलांच्या क्लेचे गोळे इंजिन कव्हरवर ठेव, बॉनेट हळूच बंद करून उघड, गोळा जेवढा जाड राहिला तेवढी जागा. सगळं झालं की थंड इंजिनवर वर्तमानपत्र पसर आणि झारीने व्हेंटवर पाच मिनिटं पाणी घाल. पेपर कुठे भिजला ते बघ, तिथे काम बाकी आहे.

ट्रे तयार होईपर्यंत रात्री व्हेंटवर चुंबकाची रबर शीट टाक. सकाळी काढायला विसरू नकोस. आणि इंजिनच्या हवेसाठी उघडा कोन फिल्टर (शंकूसारखा, डब्याशिवायचा एअर फिल्टर) लावला असशील तर तो व्हेंटखाली ठेवूच नको, कंपनीचा फिल्टरचा डबा परत बसव.

अजून एक, कायद्याने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा तोच अर्थ लावलाय. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हेच काढतात. आधी विचारायला हवं होतंस मित्रा, पण असो.

प्रश्न : सर, आमच्या जुन्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवर स्कूप (हवा आत घेणारं उंच तोंड) आहे. पावसात त्यात पाणी शिरतं ते दिसतं, पावसाळ्यात टेप लावून बंद करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नका हो ताई. त्या स्कूपखाली इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणारा) आहे, ॲल्युमिनियमच्या फिन्सचा, त्याच्यावर पाणी पडलं तर तो आणखी गार होतो. सुबारूने तर काही एसटीआय नावाच्या वेगवान गाड्यांना इंटरकूलरवर पाणी फवारायचं बटणच दिलं होतं. टेप लावलीत तर हवा बंद, आणि कसारा घाटात चढाला गाडी ओढणार नाही. फक्त स्कूपमध्ये अडकलेली पानं आठवड्यातून एकदा हाताने काढत जा.