गुडघाभर ज्वारी, संपत आलेली वैरण आणि रानात बसवलेल्या मेंढ्या

गेल्या पंधरवड्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच प्रकारच्या घरांतले आहेत. थोडी कोरडवाहू जमीन, घरापुरते धान्य, दावणीला दोन-तीन जनावरे आणि चार-सहा शेळ्या. अशा घरात पिकाचा सल्ला एकीकडे आणि जनावराचा दुसरीकडे असे करून भागत नाही. पीक बसले की वैरण जाते, वैरण गेली की जनावर विकावे लागते आणि जनावर गेले की पुढच्या वर्षी शेतात शेणखत पडत नाही. म्हणून चार प्रश्न एकत्र घेतो.

पावसाने ताण दिला. ज्वारी गुडघ्याला लागली आणि सुकू लागली. दाणा येईलसे वाटत नाही. जनावरे आत सोडू का?

सोडू नका. हे उत्तर मी सगळ्यात आधी देतो, कारण इथली चूक दुरुस्त करायला वेळच मिळत नाही. कोवळ्या आणि ताण बसलेल्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते. जनावराने पाला चावला की पोटात त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. यालाच आपण किराळ लागणे म्हणतो. धाप लागते, लाळ गळते, अंग थरथरते, जनावर आडवे होते. भरपूर खाल्ले असेल तर सगळे काही मिनिटांत आटोपते. यावर शिरेतून द्यायची औषधे आहेत, पण डॉक्टर पोचेपर्यंत जनावर टिकले तरच त्यांचा उपयोग. उपाशी जनावर आधाशासारखे खाते, म्हणून धोका त्याला सगळ्यात जास्त.

ताणानंतर पाऊस पडला आणि बुडख्यातून हिरवेगार फुटवे आले की लोकांना हायसे वाटते. पण ते फुटवे तर आणखी घातक. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत ताजी ज्वारी खाऊ घालू नये, हा नियम घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या, कारण जनावरे बहुधा तीच वळतात.

आता वाया जाणारे पीक वापरायचे कसे? आधी ते खरेच गेले आहे का, ते बघा. ज्वारी ताणात पाने गुंडाळून वाढ थांबवते आणि पावसाची वाट बघते. एखादे ताट बुडापासून उभे चिरा. आतला वाढीचा कोंब पांढरा आणि टणक असेल तर पीक जिवंत आहे, थांबायला हरकत नाही. कोंब तपकिरी आणि मऊ पडला असेल तर कापा. उन्हात पातळ पसरून कडकडीत वाळवा, वाळताना सायनाइड बरेचसे उडून जाते. अर्धवट सुकलेली वैरण मात्र घालू नका. अलीकडेच युरिया दिला असेल तर कापताना बुडाचा वीतभर भाग रानातच सोडा. तिथे नायट्रेट साठते आणि ते वाळवूनही जात नाही. वाळलेला चाराही पहिले काही दिवस दुसऱ्या वैरणीत मिसळून, थोडा थोडाच द्या.

घरात भुसकट आणि भाताचा पेंढा आहे, पण पुरेल असे वाटत नाही. काय करावे?

आधी हिशोब मांडा. मोठ्या जनावराला रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा लागतो. 300 किलोच्या गाईला साडेसात किलो, म्हणजे 120 दिवसांना 900 किलो. अशी तीन जनावरे असतील तर 2700 किलो. गंजीत किती आहे याचा अंदाज घ्या. तूट मोठी असेल तर कोणते जनावर काढायचे हे आजच ठरवा, ते अंगावर मांस असतानाच. हाडे दिसू लागल्यावर विकायला काढलेल्या जनावराचे फारसे काही हाती येत नाही. हे सांगताना मलाही बरे वाटत नाही. पण तिघांना अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दोघांना नीट जगवणे मी पसंत करीन.

पेंढ्याचा कस वाढवायला युरिया प्रक्रिया करता येते. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, प्रत्येक थर तुडवून दाबा आणि वरून हवाबंद झाका. तीन आठवड्यांनी उघडा. घालण्याआधी तासभर पसरून ठेवा म्हणजे उग्र वास निघून जाईल. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देऊ नका. उरलेल्या द्रावणाला जनावर तोंड लावणार नाही याची काळजी घ्या, कारण ते प्यायल्यास जनावर मरते. एवढे करायला जमत नसेल तर निदान कुट्टी करून गव्हाणीत घाला. पायाखाली तुडवले जाणारे वाचले, तरी बरेच दिवस निघतात.

सुगीनंतर मेंढपाळ रानात मेंढ्या बसवू का म्हणून विचारतात. फायदा होतो, की नुसता त्रास?

माझे मत विचाराल तर बोलवा. कळप रात्री रानात बसवून लेंडी-मुताचे खत मिळवायची ही पद्धत आपल्यापुरती नाही. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही शेतकरी आणि पशुपालक असेच करार करत आले आहेत. लेंडीइतकेच महत्त्व मुताला आहे. उकिरड्यात ते वाया जाते, इथे ते थेट मातीत मुरते. मात्र कळप हलला की लगेच हलकी कुळवणी करून खत मातीआड करा. उन्हात उघडे राहिले तर नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. कळप रोज नव्या जागी बसवायला सांगा, नाहीतर एका कोपऱ्यात ढीग पडतो आणि बाकीचे रान तसेच राहते.

भांडणे होतात ती बहुधा शेजारच्या उभ्या पिकावरून. किती रात्री, कुठल्या वाटेने यायचे, पाणी कुठे पाजायचे हे आधी बोलून घ्या. शेजाऱ्यालाही त्या बोलण्यात बसवा. कळपाला पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची, लस दिली आहे का, हेही विचारा. विचारण्यात अपमान नाही, चांगला मेंढपाळ स्वतःच सांगतो. गुरांचा बुळकांडी रोग 2011 साली जगातून हद्दपार झाला तो लसीकरणाच्या जोरावर. त्याच विषाणूंच्या गटातल्या पीपीआरलाही हद्दपार करण्यासाठी 2030 चे लक्ष्य धरले आहे. बाहेरचा कळप आला की आपल्या शेळ्या त्याच्यात मिसळू देऊ नका आणि पाणी वेगळे ठेवा.

पावसाळ्यात धडधाकट करडे रात्रीतून मरतात. कुणाची नजर लागते का?

नाही. चांगली तुकतुकीत, भरपूर खाणारी करडे अचानक गेली तर पहिला संशय आंत्रविषाराचा. कोवळ्या गवतावर एकदम ताव मारल्यावर आतड्यातले जंतू वाढून विष तयार करतात. लस पावसाळ्याआधी द्यायची असते. पहिल्यांदा देत असाल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्राही लागते, नुसत्या एका मात्रेवर थांबू नका. पाऊस सुरू झाल्यावर सकाळी थोडी कोरडी वैरण घालून मगच शेळ्या-करडे चरायला सोडा. पुन्हा करडू मेले तर पुरण्याआधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या, म्हणजे उरलेल्या करडांना काय द्यायचे ते नेमके कळेल.