४५ मिनिटांच्या व्हिडिओचे नऊ तुकडे केले की झालं का मायक्रोलर्निंग, म्हणजे छोट्या छोट्या धड्यांतून शिकवणं?

भाऊ, तुमच्या दोन तक्रारी आहेत. बुटीबोरीच्या कामगारांसाठी मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर टाकलेलं ४५ मिनिटांचं सुरक्षा प्रशिक्षण अर्ध्यातच सुटतं, आणि जे शेवटपर्यंत जातात त्यांच्यापुढेही ‘अपूर्ण’च दिसतं. दुसरी आधी घेऊ.

स्कॉर्म हे ऑनलाइन धड्यांच्या पॅकेजचं मानक, आणि तुमचं पॅकेज त्याच्या १.२ आवृत्तीचं. ‘कुठवर आलो’ ही खूण त्यात सस्पेंड डेटामध्ये राहते आणि मानकाप्रमाणे तिथे जागा फक्त ४,०९६ अक्षरांची. साठ स्लाइड, प्रत्येकीवर ड्रॅग-ड्रॉप, म्हटल्यावर ती भरते. नोंद अर्धवट जाते आणि माणूस पुन्हा पहिल्या स्लाइडवर येतो. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ६४,००० अक्षरं बसतात, पण मूडलचं मोबाइल अ‍ॅप १.२ च चालवतं आणि तुमची मंडळी मोबाइलवरच बघणार. तेव्हा पॅकेजच लहान करा.

लहान म्हणजे घड्याळ लावून कापलेलं नव्हे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक वेळ ६ मिनिटांपुढे गेला नव्हता. तेव्हापासून जो तो जुनं लेक्चर कापत सुटला. पण पहिला तुकडा न बघता चौथा समजत नसेल, तर कापून काय मिळालं? एक काम, एक पॅकेज. आणि व्हिडिओच्या आधी प्रश्न.

लॉकआउटचंच घ्या, म्हणजे दुरुस्तीआधी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करून त्याला कुलूप लावणं. पहिल्या स्क्रीनवर अडकलेल्या कन्व्हेअरचा, तुमच्याच शेडमधला फोटो. ‘आयसोलेटर बंद केला, कुलूप लावलं, किल्ली खिशात, टॅग लावला. आता हात घालायचा?’ चुकीचे पर्याय शॉपफ्लोअरवर खरंच होणाऱ्या चुकांतून घ्या: ‘हो, कुलूप आहे ना’, ‘किल्ली सुपरवायझरला देऊन घालायचा’. बरोबर उत्तर: आधी मशीनच्या सिलिंडरमधली दाबाची हवा सोडायची, मग स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच मेलंय का बघायचं. प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली त्याने काय होईल ते दोन ओळींत लिहा. नुसतं ‘चूक’ लिहून कोणी शिकत नाही. त्यानंतर ३ ते ५ मिनिटांचा व्हिडिओ, ४८०पी, चित्राला ४०० आणि आवाजाला ६४ केबीपीएस (दर सेकंदाला किलोबिट). पाच मिनिटांचे साधारण १७ एमबी होतात, बसमध्येही उतरतात. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून कॅप्शन हवेतच.

पूर्णतेची अट ‘पाहिलं’ ठेवू नका, ‘पास झाला’ ठेवा. तोच धडा वेगळ्या फोटोवरच्या दोन प्रश्नांसह २, ७ आणि २१ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकने पाठवा. या आकड्यांत थोडं मागेपुढे चालेल. पण पुन्हा व्हिडिओ दाखवण्यापेक्षा पुन्हा आठवायला लावणं जास्त टिकतं.

एआयचा मराठी आवाज वापरायला हरकत नाही, मजकूर मात्र स्वतः तपासा. भाषांतरात आयसोलेटरचा ‘विलगक’ होतो, आणि पॅनलसमोर उभा असलेला माणूस तो शब्द शोधत बसतो.