चार दिवसांचे शिबिर आणि सोप्यावरची चटई

मस्कतहून एका भगिनीने लिहिले आहे: "माझे माहेर डिचोलीचे. गेली नऊ वर्षे मी रोज पहाटे आसने आणि प्राणायाम करते आणि त्यामुळे स्वतःशी माझे बरे जमू लागले आहे. आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी व्यक्तिमत्त्व बदलण्याची सामूहिक शिबिरे केली, यजमानांनीही एक केले. आता डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही गोव्याला येऊ तेव्हासाठी त्यांनी मांद्रेच्या किनाऱ्यावर चार दिवसांच्या निवासी शिबिरात आम्हा दोघांची नावे घातली आहेत. मला त्या कल्पनेनेच धडधडते. ते म्हणतात, एवढा योग करतेस आणि चार माणसांत मन मोकळे करता येत नाही, मग उपयोग काय? माझा योग खरोखरच कच्चा आहे का?"

ताई, तुमचा योग कच्चा नाही. योगाच्या कोणत्याही पायरीवर अनोळखी लोकांसमोर मन उघडे करण्याची अट घातलेली नाही. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान येतात, आणि त्यांतील स्वाध्याय हा ज्याचा त्यानेच करायचा असतो. आसनाची त्यांची व्याख्याही 'स्थिरसुखमासनम्' एवढीच आहे. पुढच्याच सूत्रात ते आसन साधण्यासाठी प्रयत्न शिथिल करायला सांगतात. पश्चिमोत्तानासनात माझी बोटे इतक्या वर्षांनीही अंगठ्यापर्यंत पोहोचत नाहीत. नडगीवर जिथे हात टेकतात तिथेच मी श्वास सोडत थांबते, आणि त्या थांबण्यात मला काही उणे वाटत नाही. तुम्ही ज्याला स्वतःशी जमणे म्हणता ते बहुधा हेच असावे.

अशा शिबिरांची घडण मात्र निराळी असते. वर्नर एऱ्हार्ड यांनी १९७१ साली अमेरिकेत 'एस्ट' हे प्रशिक्षण सुरू केले. दोन शनिवार-रविवारांत मिळून सुमारे साठ तास मोठ्या गटाला एका सभागृहात बसवायचे, कडक शिस्त ठेवायची आणि जुने 'मी'पण मोडायचे, अशी त्याची रीत होती. पुढे निघालेल्या अनेक शिबिरांत त्या रीतीच्या खुणा दिसतात. काहींना त्यातून उभारी मिळते, हे मी नाकारत नाही. तुमच्या यजमानांना मिळाली असेल तर ती खरीच आहे. परंतु लीबरमन, यालोम आणि माइल्स या अभ्यासकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे, एकमेकांसमोर मन मोकळे करण्याचे छोटे गट ('एन्काउंटर ग्रुप') तपासून १९७३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत काही सहभागींना मानसिक इजा झाल्याचे आढळले आणि गटाचा प्रमुख आक्रमक, छाप पाडणारा व भावना उघड करण्याचा आग्रह धरणारा असेल तिथे ती अधिक होती. तुमच्या धडधडीला भित्रेपणा म्हणण्याआधी यजमानांनी हे ध्यानात घ्यावे.

मी स्वतः एकदा पणजीत अशा शिबिराला गेले होते. गुडघ्याला गुडघा लागेल अशा खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोरच्या व्यक्तीला आयुष्यातील सर्वांत मोठी चूक तीन मिनिटांत सांगायची होती. माझ्यासमोरच्या बाई पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत आईच्या अखेरच्या दिवसांत आपण पोहोचलो नाही, हे सांगत होत्या. त्या 'फोन आला तेव्हा' एवढे म्हणाल्या आणि घंटा वाजली. सर्वांनी एकेक खुर्ची पुढे सरकायचे होते. मला त्यांचा हातही धरता आला नाही. परदेशात राहणाऱ्या कितीतरी जणींच्या मनात नेमकी हीच सल असते, आणि ती घंटेच्या तालावर काढून घेण्याची गोष्ट नाही, असे माझे ठाम मत आहे.

तुम्हाला माणसेच नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. तिथे गर्दी असते, पण मागे खांबाला टेकून नुसते ऐकणाऱ्याला कोणी पुढे ओढत नाही. कधी उठायचे हे तुमच्या हातात असते. शिबिराबाबतही हीच कसोटी लावा. न बोलता बसण्याची मुभा आहे का, मध्येच निघता येते का, कोणी कोलमडले तर सांभाळायला प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ असतो का आणि शेवटी पुढच्या पातळीचे पैसे भरण्याचा किंवा नातेवाइकांना आणण्याचा आग्रह होतो का, हे यजमानांनी आयोजकांना विचारावे. उत्तरे टाळली गेली तर त्यांनीही जाण्याआधी विचार करावा.

एक गोष्ट मात्र तुम्हाला थोडी कठोरपणे सांगते. संतोषाच्या शेजारीच तप बसलेले आहे. यजमान तुम्हाला शिबिरात नेऊ पाहतात, त्यामागे घरात दोघांचे बोलणे होत नाही अशी तक्रार तर नाही ना, हे शांतपणे तपासा. तसे असेल तर 'मी आहे ती अशी आहे' हे उत्तर पुरेसे नाही. त्यांच्याशी एकट्यांशी बोला, आणि जमत नसेल तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा. तिथे तीनच खुर्च्या असतात. धडधड रोजची झाली, झोप उडू लागली, तर मात्र डिसेंबरची वाट न पाहता मस्कतमध्येच डॉक्टरांना भेटा.

यजमानांना आजच लिहा: "तुम्ही जा, मला राग नाही. मी ते चार दिवस डिचोलीला आईकडे राहीन." जागा आत्ताच रद्द केली तर पैशांचा प्रश्नही वेळेत सुटेल. ते परतल्यावर एका पहाटे, पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आधी, घरापुढच्या सोप्यावर तुमच्या चटईशेजारी त्यांचीही एक चटई घाला आणि नेहमीची आसने करा. त्यांना काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी विचारतील.