जुन्या नकाशातली नदीजवळची रेघ: ओढा की पाट?

जुन्या नकाशात नदीजवळ दिसणारी रेघ ओढा आहे की पाट, असं तुम्ही विचारलंत. तुमचं गाव नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम नदीकाठी आहे, त्यामुळे नकाशात शेतांच्या वरच्या अंगाने गेलेली ती रेघ फड पद्धतीतला (नदीवर बंधारा घालून गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची जुनी पद्धत) पाट असण्याची शक्यता मोठी. ओळखायचं कसं? ओढा वरून येऊन नदीला मिळतो, त्याला बारीक फाटे फुटलेले दिसतात. पाट उलट नदीतूनच, बंधाऱ्यापाशी निघतो आणि उतार सांभाळत जवळपास नदीला समांतर जातो. म्हणून आधी रेघेचं वरचं टोक बघा. तिथे नदीला आडवी खूण असेल तर तो बंधारा.

पाट आणि नदी यांच्यामधली भिजणारी जमीन म्हणजे थळ. त्याचे फड, म्हणजे भाग, पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाण्याची पाळी पाटकरी, म्हणजे पाट सांभाळणारा माणूस, लावायचा. पाण्याची वाटणी इतकी समजुतीने करणारी व्यवस्था आपल्याच जिल्ह्यात होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

नकाशाचं सालही तपासा. गिरणेवरचं चणकापूर धरण 1911 चं, दारणा धरण 1916 चं. त्याआधीच्या नकाशात हे जलाशय नसणारच. शिवाय जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरणानंतर सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुना नंबर आजच्या सातबाऱ्याशी थेट जुळवू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशाची नक्कल मागा.