दोन व्हेंडर, पण प्लेटिंग एकाच दारात

अनेक उत्तम आशीर्वाद.

परचेसला रुजू झालास की कोटेशनांचा तक्ता समोर येईल. दराचा रकाना बघण्याआधी विचार, प्लेटिंग कोण करतं? भोसरीतले पत्र्याचे पार्ट काढणारे दोन प्रेसवाले कागदावर वेगळे असतात, पण दोघांचा माल झिंक प्लेटिंगला एकाच शॉपमध्ये जात असेल, तर तिथला ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट) बिघडला की दोघेही एकाच दिवशी थांबतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा वाहन उद्योगाचं हेच झालं. मोटर बनवणारे निरनिराळे, मॅग्नेट मात्र चीनचे. म्हणून पट्टी (पार्टचा कच्चा पत्रा), हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग कुठून होतं ते पार्टवार, नाव-गावासकट लिहून घे.

मग हिशेब मांड. समज, ब्रॅकेट रोज 800 लागतात. पहिला व्हेंडर 560 देतो, दुसरा 240. पहिल्याची डाय (पार्टचा साचा) फुटली आणि नवी व्हायला 45 दिवस लागणार. दुसरा जादा पाळी लावून 500 पर्यंत जाईल, पण माणसं आणि पट्टी जमवायला त्याला 10 दिवस हवेत. म्हणजे पहिले 10 दिवस रोज 560 कमी, पुढचे 35 दिवस रोज 300 कमी, एकूण 16,100 नग. एवढा साठा कुणी ठेवू देणार नाही. त्यापेक्षा पंच आणि इन्सर्टचा, म्हणजे डायमधल्या बदलता येणाऱ्या भागांचा, जादा सेट करून ठेवणं स्वस्त पडतं. बहुतेक वेळा तेच मोडतात. दुसऱ्याला दरमहा ऑर्डर दे. नुसतं पीपीएपी (पार्टची नमुन्यासकट मंजुरी) करून ठेवलेला व्हेंडर ऐनवेळी जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर माल काढतो.

डाय आपल्या पैशाची असेल तर तिच्यावर आपला ॲसेट नंबर कोरलेला हवा आणि ती कधीही उचलता येईल असं करारात हवं. हे राहून गेलं तर भांडणाच्या दिवशी डाय गेटबाहेर येत नाही.

प्लँट बघायला गेलास की ऑफिसात चहावर वेळ घालवू नकोस. मेंटेनन्सचं रजिस्टर उघड, जनरेटरवर कोणती प्रेस चालते ते विचार, पट्टीच्या कॉइल किती दिवसांच्या आहेत ते मोज.

आणि पेमेंट. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी कायद्याने 45 दिवसांपुढे नेता येत नाही. तू त्याआधीच काढायचा प्रयत्न कर. पट्टीची टंचाई आली की व्हेंडर आधी वेळेवर पैसे देणाऱ्याचा माल काढतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.