पोटातून नळी घातली तर बाळ तोंडाने कधीच जेवणार नाही का?

धायरीच्या एक ताई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा सातव्या महिन्यात जन्मलेला, तेव्हापासून नाकातल्या नळीवर. आता डॉक्टरांनी पोटातून नळी घालायचं सुचवलं होतं आणि घरात रडारड झाली होती. "मॅडम, ही नळी बसली की तोंडाने खाणं कायमचं संपलं ना?"

अशा घरांमधून हा प्रश्न हमखास येतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गर्भाच्या 34व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला बहुतेकदा नळी लागते, त्यात आईचं काही चुकलेलं नसतं.

मी मुलाकडे बघत होते. ताईंनी लाळ पुसायला रुमाल उचलला, तर त्याने मान फिरवून दोन्ही हातांनी गाल झाकले. नळीची चिकटपट्टी रोज तिथूनच उपटली जायची. तोंडाजवळ काही आलं की दुखतं, एवढंच तो शिकला होता. चमच्याला ओकारी येई, तीही त्यामुळेच. पोटातल्या नळीने चेहरा मोकळा होतो, आणि आमचं काम अनेकदा तिथून सोपं होतं.

ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे खाण्यासारख्या रोजच्या क्रिया जमाव्यात म्हणून आम्ही देतो त्या उपचारात, लगेच घास भरवत नाही. आधी बैठक: पाय टेकलेले, कंबर आणि मान सावरलेली. मग भिजवलेला साबुदाणा, कणीक, दही हाताने कालवायचं. स्पर्श हातापासून खांद्यापर्यंत, मग गालापर्यंत, तोही त्याने येऊ दिला तरच. दात मात्र रोज घासायचे. तोंडाने खात नसला तरी. आणि नळीतून दूध चालू असताना त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवायचं, हातात चमचा देऊन. पोट भरणं आणि जेवणाचा वास यांची सांगड अशीच बसते.

आजी तो झोपेत असताना ओठांना वरण लावायच्या. मायेपोटीच, पण ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. गिळण्याची तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत तोंडात खाण्याचं काही नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, त्याने दह्यात बुडवलेलं बोट स्वतःहून चाटलं. नळीचं दूध अजून तेवढंच आहे. ते कमी करायचं की नाही, हे वजन बघून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. काही मुलांना नळी आयुष्यभर लागते, हेही मी ताईंना सांगितलं. अशा मुलांनाही पंगतीत जागा हवीच.